इंदुताईचा अर्धा भात

शिबिरातल्या यंत्रावर माझा राग नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. राग माणसांवर आहे.

ग्रामपंचायतीत म्हाताऱ्या माणसांसाठी आरोग्य शिबिर भरलं होतं. अनवाणी यंत्रावर उभं राहायचं, दोन्ही हातांनी दांडा धरायचा, की अंगात चरबी किती आणि मांस किती ते कळतं. इंदुताईच्या अंगात चरबी जास्त निघाली, मांस कमी. यंत्रापाशी बसलेल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "खाणं कमी करा, हिंडा-फिरा." झालं. झोप लागते का, जीव कशात रमतो का, हे कोणी विचारलं नाही.

इंदुताई माझी शेजारीण. आमच्या नागभीडकडे रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बायांची टोळी या बांधीतून त्या बांधीत धानाचा पऱ्हा, म्हणजे कोवळी रोपं, रोवत जाते. टोळीत पहिली ओळ तिची, तिच्या बाजूला मी. मागच्या वर्षी तिच्या प्रणितनं स्लॅबचं घर बांधलं आणि आईला टोळीतून काढलं. पोराचं पक्कं घर नि माय दुसऱ्याच्या चिखलात, म्हणून लोक नावं ठेवतात म्हणे. तेव्हापासून ती प्लास्टिकच्या खुर्चीत. आधी टीव्ही पाहायची. मग टीव्ही चालू असायचा आणि ती भिंतीकडे पाहायची. दिवसभर चहात टोस्ट बुडवून खायची. पोट सुटलं, हातपाय वाळले. गावातल्या बाया म्हणत, इंदुताई सुखानं सुटली. सुखानं म्हणे.

शिबिरानंतर सून दिव्यानीनं तिचा भात अर्धा केला. अंडं बंद, वरण पातळ. दिव्यानी वाईट पोरगी नाही. सांगितलं ते तिनं इमानदारीनं केलं. पण इंदुताईला आता खुर्चीतून उठायलाही भिंत लागू लागली.

एक दिवस मी उकडलेली अंडी पदराखाली घेऊन गेले. प्रणित घरीच होता.

"मावशी, तिले नको देऊ. चरबी वाढली तिची."

"चरबी वाढली तर उपाशी काऊन मारून राह्यला?"

"शिबिरातच सांगतलं ना."

"हिंडा-फिरा बी सांगतलं. ते नाई ऐकू आलं तुले?"

"किती सांगतो, हिंडतच नाई ते. आळस भरला अंगात."

"जिनं तुले बांधीच्या धुऱ्यावर झोपवून रोवणा केला, तिले आळशी म्हणून राह्यला तू?"

खुर्चीतून इंदुताई हळूच म्हणाली, "मीरा, भांडू नको बाई. मले भूकच नाई. अन् आता मी कोणाच्या कामाची?"

मग मला तिचाच राग आला.

"नको खाऊ. तुह्या जागी आशाबाई रोवते आता. बैल चालता चालता मुतल्यावानी वाकडी ओळ जाते तिची."

इंदुताईनं मान वर केली. "आशाबाईले पहिल्या ओळीत कोणं घेतलं? तिले पऱ्ह्याची मूठ धरता येत नाई."

कित्येक दिवसांत ती एवढं बोलली नव्हती. रागानं ती उठायला गेली, अर्धी उठली आणि मागे पडली. प्रणितनं धावत तिचा दंड धरला. दंडाभोवती त्याची मूठ पूर्ण मिटली, अंगठा बोटांना लागला. तो आपल्या हाताकडे पाहत राहिला.

"मावशी, हे काय झालं?"

"आज हात लावला तू. म्हणून आज समजलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला नागभीडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण पोरसवदा होती. तिनं विचारलं, "आजी, मन लागत नाही का कशात?"

"नाई जी, घरी सगळं हाये, काही कमी नाई," प्रणितनं उत्तर दिलं.

"तुले नाई विचारलं," मी म्हटलं.

इंदुताई पदराचं टोक चोळू लागली. मग म्हणाली, "झोप नाई येत जी. घरी मले काहीच करू देत नाई. मरायची वाट पाहत बसवून ठेवलं हाये."

प्रणितची मान खाली गेली. डॉक्टरणीनं त्याला सांगितलं, की मन असं खचलं की अंगातली ताकदही झडते आणि ताकद गेली की मन आणखी खचतं. गोळ्या दिल्या. वरण, अंडी पोटभर द्यायला सांगितली, आणि झेपेल ते काम करू द्यायला.

परतताना बसमध्ये प्रणित म्हणाला, "आई, चिखलात कशी उतरशीन? लोक काय म्हणतीन?"

"यंदा धुऱ्यावर बसून पऱ्ह्याच्या पेंढ्या बांधीन," इंदुताई म्हणाली. "अन् लोकाईले लाज वाटत असन, तर त्याईनं बसावं खुर्चीत."