हिचं वजन

"उठा," मी म्हटलं आणि घड्याळाचं बटण दाबलं.

काटेवाले खुर्चीतून उठले. तपासणी साधी असते. उठायचं, चार पावलं चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काटेवाले स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बरे गेले आणि उंबरठ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. कंपवातात असं होतं. डोकं म्हणतं चल, आणि पाय दाद देत नाहीत.

"बघा सिस्टर, हे असं," त्यांची मुलगी म्हणाली. "गेल्या महिन्यात मी आले तेव्हा बाथरूमच्या दारात उभे होते. तीन तास! अंगावरचं पाणी अंगावरच वाळलेलं."

बावीस वर्षं मी घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरते आहे. शेवटचा प्रश्न एकच: एकटे राहू शकतात का? 'नाही'वर खूण केली की पंधरा दिवसांत माणसाची रवानगी वृद्धाश्रमात. म्हणून लोक माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलतात. पडलेले दात आणि मोडलेली हाडंसुद्धा लपवतात. इथे मात्र बाप दारात खिळलेला आणि मुलीने आश्रमातली खाट आधीच बघून ठेवलेली. माझं काम पाच मिनिटांचं होतं.

"घड्याळ थांबवू नका," काटेवाले म्हणाले. "ही येऊ दे."

मुलीने मान फिरवली. तिची आई जाऊन आठ महिने झाले होते, हे फॉर्मच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

काटेवाल्यांनी डावा हात खांद्याइतका वर उचलला, तळवा उघडा. उजवा हात पुढे वाकवला, समोरच्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. दोनदा डावीकडे-उजवीकडे झुलले. आणि पाय सुटले. उंबरठा ओलांडून आत, जेवणाच्या टेबलाभोवती वळसा, पुन्हा बाहेर, माझ्या खुर्चीजवळून. हात कापत नव्हता. हनुवटी कापत नव्हती. या आजाराचा माणूस असा चालताना मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

त्यांच्या रबरी सपातांचा आवाज येत होता. आणि त्यामागे, अर्धं पाऊल उशिरा, फरशीवर भेगाळलेली टाच घासल्याचा. मी माझ्या पायांकडे पाहिलं, ते खुर्चीखाली होते. मुलीच्या पायांत बूट. आवाज घुमत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कपाटं आणि गाद्यांनी भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

ते खुर्चीत बसले. मी घड्याळ बंद केलं, पण सेकंद वाचायला विसरले.

"हे कुठे शिकलात?"

"इस्पितळात. दर मंगळवारी आमच्यासारख्यांचा नाचाचा वर्ग असतो. मला हसू आलं होतं. म्हटलं, ज्याला चालता येईना त्याला नाचवणार? टकल्याला कंगवा देण्यातलाच प्रकार. ही म्हणाली, चला तर खरं, फुकट आहे."

दोन वर्षं दोघं त्या वर्गाला जात राहिले. आधी झुलणं, मग मोजणं, मग पाऊल. तीन महिन्यांत त्यांचं पडणं थांबलं. सहा महिन्यांत शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले. ते सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. "आणि सिस्टर, चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही काय बोललो? गॅस संपला, नळ गळतोय. हात धरून तासभर उभे कधी राहिलोच नव्हतो. ते तिथे शिकलो."

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "ते पडतील एवढ्यासाठी मी त्यांना आश्रमात ठेवत नाहीये, सिस्टर. तुम्हीही ऐकलंत ना? आईच्या टाचा अशाच वाजायच्या. मी या घरात रात्र काढूच शकत नाही."

 'नाही' म्हणायचं होतं, पण माझी मान होकारार्थी हलली.

काटेवाले हसले. "घाबरतेस कशाला, आईच आहे तुझी." मग डावा तळवा त्यांनी माझ्यापुढे धरला. दुकानांचे तराजू आणि काटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. घरात आल्या आल्या माझी पिशवी हातात घेऊन "सव्वातीन किलो" म्हणाले होते, आणि ती तेवढीच भरली असती याबद्दल मला शंका नव्हती.

"नाचताना हिचा हात इथे असायचा. अर्धा किलोला थोडा कमी. गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी दारात अडकलो, तेव्हा तेवढंच वजन परत हातावर आलं. मी घाबरलो नाही, बरं वाटलं. पण आता रोज कमी होतंय. काल पन्नास ग्रॅमसुद्धा नव्हतं. बाथरूमच्या दारात त्या दिवशी आलीच नाही बराच वेळ. दमलीय ती. मला पडू द्यायचं नाही म्हणून खोळंबलीय."

"मग काय करायचं म्हणता?" मुलीने विचारलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग नव्हता.

"तू शिकून घे."

"मला नाही येत नाच."

"मला तरी कुठे येत होता? आश्रमात टाकायचं तर टाक, मी येईन. पण तिथेही दारं आहेतच की. मग तिला तिथवर यावं लागेल."

 बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. मुलीने बूट काढले आणि बापासमोर जाऊन उभी राहिली. "कुठे धरायचं?"

"इथे. हा हात माझ्या हातात द्यायचा. थोडी सरक पोरी, दोघी मावाल."

ती सरकली. डोळे गच्च मिटून तिने हात उचलला, आणि तो खाली टेकण्याआधी क्षणभर अधांतरी थांबला. बोटं हळूहळू उघडली, कोणाच्या तरी बोटांत घालावी तशी. ती रडायला लागली, पण मागे हटली नाही.

"एक, दोन. पाय बघू नकोस. झुल आधी."

तिने त्यांच्या पायावर पाय दिला. ते ओय म्हणाले. दोघं पुन्हा झुलले. टाच घासत होती, मला स्पष्ट ऐकू येत होतं. सहाव्या की सातव्या वेळी पाऊल जुळलं आणि दोघं उंबरठा ओलांडून आत गेले. स्वयंपाकघरातून सपाता ऐकू आल्या, मुलीचे अनवाणी पाय, आणि तिचा आवाज, "एक, दोन, बाबा, एक, दोन." टाच तिकडे नव्हती.

मी फॉर्मवर 'घरात आधार कोणाचा' या प्रश्नापुढे 'मुलगी' असं लिहिलं. मग माझ्या खुर्चीजवळ टाच घासली. खोलीत मी एकटी होते आणि एकटी नव्हते. घरातलं मोठं माणूस जायला निघालं की आपण बसून राहत नाही, म्हणून मी उठले. 

बाहेरच्या दाराची कडी काढली, आणि दार उघडून बाजूला उभी राहिले.