शेलूबाजारचं शेवटचं कडवं

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोललो. आता माझा पट्टा तुटलाय, बटणं अडकली आहेत आणि नागपुरात एका प्राध्यापकाच्या कपाटावर मी धूळ खात पडलोय, म्हणून म्हटलं, एकदा आपलंही बोलून घ्यावं.

जन्म माझा जपानातला. दोन चकत्या, पाच बटणं आणि एक कातडी पिशवी घेऊन मी मुंबईमार्गे या घरी आलो. मालक मराठी शिकवायचे. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. रोग बरे करणारे नाही, नावाआधी लावायचे. विषय निवडला होता 'लोकप्रिय गायक इंद्रभान यांचा ग्रामीण समाजमनावरील प्रभाव व त्यांचा चाहतावर्ग'. हे नाव माझ्यात तीन वेळा भरून त्यांनी तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा त्यांना ते आवडलं.

इंद्रभान म्हणजे वाशीम-कारंजाकडच्या भीमगीतांच्या गायन पार्ट्यांचा राजा. भीमजयंतीला त्याची तारीख मिळावी म्हणून माणसं वर्षभर आधीपासून चकरा मारायची. त्याच्यासारखे कानांवर केस ठेवून आणि गळ्यात लाल मफलर घालून पोरं भर वैशाखात घाम पुसत हिंडायची. आवाज मात्र खणखणीत होता त्याचा, खोटं कशाला बोलू?

त्र्याहत्तर साली या चाहत्यांना तपासायला आम्ही शेलूबाजारला उतरलो. मालकांकडे बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती. पहिला बळी जानराव शिंपी.

"सदर गायकाच्या केशभूषेचे आपण अनुकरण करता काय? असल्यास केव्हापासून?"

"काय म्हनता?"

"त्याच्यासारखे केस का ठेवले?"

"ठेवले कुठं साहेब? कापाले टाइमच नाही भेटून राह्यला. जयंतीचे कपडे शिवून राह्यलो न."

मालकांनी लिहिलं, 'अनुकरण: होय.' असं त्यांचं संशोधन. घरोघर लोक तांब्याभर पाणी पुढे करत, आणि हे "माझं आहे" म्हणून थर्मास उघडत. मी त्यांच्या खांद्याला लटकलेला असायचो. मला लाज वाटायची, त्यांना कधी वाटली नाही.

शेवटी जानरावच म्हणाला, "इंद्रभानचं पांढऱ्या लुगड्याचं गानं आयकाचं असन, तर भागिरथाबाईकडे चाला."

भागिरथाबाई पन्नाशीची. मजुरीला जायची. त्या दिवशी घरी तुरीची डाळ भरडत बसली होती. जातं न थांबवता तिने मान हलवली, मालकांनी माझं लाल बटण दाबलं आणि ती गाऊ लागली.

'नेसलं पांढरं लुगडं, बाई, निघाली नागपुरा,
जुना अंधार मागं ठेवला, दिवा घेतला नवा कोरा.'

हजार माणसांत भोंग्यावरून घुमणारं हे गाणं मी इंद्रभानच्या तोंडून टिपलं होतं. पण जात्याच्या घरघरीत ते ऐकलं आणि माझ्या फिती शहारल्या. हे गाणं याच घरचं आहे, हे माझ्यासारख्या यंत्राला कळलं. मालकांनी मात्र दोन कडवी झाल्यावर मला बंद केलं.

"थांबा न मास्तर," भागिरथाबाई म्हणाली, "शेवटचं कडवं राह्यलं. नाव त्याच्यातच हाय."

"नाव लिहून घेतलंय बाई, प्रश्नावलीत. आणि पुढचं गाणं तबकडीवर आहेच."

"तबकडीवर त्याचं नाव हाय. गानं माह्यं हाय."

जुन्या कवितेत कवी शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतो, हे माझे मालक दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून शिकवायचे. गुंफणारी बाई समोर बसली, तर त्यांना ओळखता आली नाही. 'चाहत्याचा भ्रम' हे प्रबंधातलं प्रकरण रंगेल, एवढ्यासाठी त्यांनी लाल बटण पुन्हा दाबलं.

"छप्पनले नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आमी," ती सांगू लागली. "दुसऱ्या दिवशी दळाले बसलो, तं गानं आलं. एकसष्टच्या जयंतीले इंद्रभान माह्याच घरी उतरला होता. पहाटी त्यानं आयकलं. म्हने, मावशी, सांगता का? म्या सांगतलं, त्यानं लिवलं. पुढच्या साली भोंग्यावर तेच गानं, न शेवटी माह्या नावाच्या जागी त्याचं नाव." जातं थांबलं. "गानं नेलं त्याचं दुःख नाही. बाबासाहेबाचं गानं गावोगाव गेलंच पाह्यजे. पन नाव कायले बदलवलं? मले लिवता येत नाही मास्तर. माह्यं नाव तेवढ्याच एका जागी होतं."

मग माझ्याकडे बोट करून तिने विचारलं, "हे राहीन न या डब्ब्यात?"

"कायमचं राहील," मालक म्हणाले.

त्यांचं कायमचं म्हणजे चार तास. कारंजाच्या विश्रामगृहात संध्याकाळी त्यांना आपले विचार सुचले आणि कोरी फीत संपलेली. त्यांनी तिचीच फीत मागे फिरवली, घसा खाकरला आणि लाल बटण दाबलं. नवा आवाज शिरला की जुना पुसला जातो, अशी माझी घडण. तिचा एकेक शब्द माझ्यातून निघून जात होता आणि मला ओरडता येत नव्हतं. आपण काय पुसलं, हे मालक चहा येईपर्यंत विसरलेही.

त्याच वर्षी हिवाळ्यात कारंजाला इंद्रभानचा सत्कार झाला. मालक व्याख्यान द्यायला आले होते, टेबलावर माईकसमोर मी. व्याख्यान रंगात आलं, तोच भागिरथाबाई पांढरं लुगडं नेसून पुढे आली. सोबत जानराव.

"मास्तर, त्या दिवशीचं माह्यं बोलनं वाजवा. साऱ्याइले आयकू द्या."

मालक खूश झाले. एवढ्या लोकांसमोर चालता-बोलता चाहता! त्यांनी पिशवीतून शेलूबाजारची चकती काढून मला चढवली आणि वाजवायचं बटण दाबलं. भोंग्यातून मालकांचाच आवाज घुमला:

"खेड्यांतील अशिक्षित स्त्रिया या गायकाने इतक्या भारावून जातात, की त्याची गाणी आपणच रचली, असे त्यांना वाटू लागते."

मालकांनी घाईघाईने भलतंच बटण दाबलं, मी तेच वाक्य पुन्हा वाजवलं. आयुष्यात एवढीच काय ती मी त्यांची सेवा मनापासून केली.

"हा तं तुमचाच आवाज हाय, मास्तर," भागिरथाबाई म्हणाली. "मी कुठं हाओ?"

इंद्रभान वाकून बुटाची लेस बांधू लागला. बूट बिनलेसचे होते.

मग ती माईकशिवाय, उभ्यानेच गायला लागली. सगळी कडवी गायली आणि शेवटी इंद्रभानकडे बघत म्हणाली,

'भागिरथा म्हणे, बाई, शेलूबाजार माह्यं गाव,
जात्यावर लिवते मी बाबासाहेबाचं नाव.'

जानरावने गळ्यातला लाल मफलर काढून खिशात कोंबला. मंडपातली माणसं तिच्यासोबत ती ओळ पुन्हा म्हणाली. मीही सगळं ऐकत होतो. पण माझं बटण वाजवायचं दाबलेलं होतं, भरून घ्यायचं नाही. कानांवर आलं, फितीवर उतरलं नाही.

मालक डॉक्टर झाले. ते वाक्य प्रबंधात जसंच्या तसं छापलं गेलं. आभारांत इंद्रभान आहे, विश्रामगृहाचा खानसामा आहे, आणि 'शेलूबाजार येथील एक अशिक्षित वृद्धा' आहे. प्रश्नावलीत लिहून घेतलेलं नावही त्यांना सापडलं नाही.

मला दुरुस्त करू नका. माझ्यात त्यांच्या आवाजाशिवाय काही उरलेलं नाही, आणि तो पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही. तुमच्याकडे चांगलं यंत्र असेल, तर शेलूबाजारच्या एसटीत बसा. साठी ओलांडली तरी भागिरथाबाई अजून दळते. ती देईल ते पाणी प्या, आणि तिने आपलं नाव घेईपर्यंत बटणाला हात लावू नका.