कोरोनेल अर्बिसूला न थांबणारी गाडी

एवारिस्तोचा फोन आला तेव्हा देल्मिराच्या केसांना रंग लावलेला होता. फोन कानाला लावायची सोय नव्हती, म्हणून तिने स्पीकर लावून तो समोर धरला, आणि शेजारच्या पोरोताला चोरून ऐकायची मेहनत पडली नाही.

"पुढे गव्हाची मालगाडी रुळावरून घसरलीये," एवारिस्तो म्हणाला. "माणसं सुखरूप आहेत, गहू सांडलाय. आमची गाडी वळवली. आता आस्कूर्राला जाणारच नाही."

आस्कूर्राला उतरून तो देल्मिराच्या भाच्याच्या गाडीतून इकडे यायचा होता.

"मग कुठून नेणार?"

"तुमच्याच गावावरून."

पोरोताने टाळी वाजवली.

"पण थांबणार नाही. गार्ड म्हणतो, अर्बिसू आता स्टेशनात जमा नाही. थेट शेवटी उतरा. देल्मिरा, मला वाटतं हा इशारा आहे."

हा विधुर घड्याळजी विधवा देल्मिराच्या हिशेबात तसा सगळा जमेच्या बाजूला होता: स्वच्छ कॉलर, स्वतःचे दात, जेवताना गप्प. नावे टाकायची तर एकच बाब, त्याला इशारे दिसत. तिच्याकडे यायला तो दोनदा निघाला होता. एकदा बसच्या काचेवर घुबड आपटलं, एकदा कुत्र्याने बुटात विधी उरकला, आणि दोन्ही वेळा स्वारी माघारी. आता तिच्या दारावरून पुढे गेला, की उरलेलं आयुष्य आपल्या बहिणीच्या घरी सूप पिणार.

"खिडकीत बसा," ती म्हणाली आणि डोकं धुवायला पळाली.

स्टेशन म्हणजे आता निवृत्तांचा क्लब. तिकीटघरात पत्त्यांचे जोड, वेटिंग रूममध्ये बायकांचा नाच. मालगाड्या जात, पण माणसांची गाडी आली होती ती पोरोताला कंबर होती तेव्हा. त्यामुळे बातमी फुटताच दुपारची झोप मोडून गाव फलाटावर लोटलं. कोणी खुर्ची आणली, कोणी आजोबा आणले. पाववाल्याने खिम्याच्या करंज्यांसारख्या गरम एम्पानादांची परात आणली आणि गाडी थांबणार नाही हे कळल्यावर स्वतःच खायला लागला.

पोरोता लाल टेबलक्लॉथ घेऊन आली होती.

"गुंडाळ तो," आन्सेल्मो म्हणाला. तो जुना सिग्नलवाला, क्लबात आता फक्त पत्ते पिसतो. "खोटा लाल दाखवायचा नाही. ड्रायव्हरची चौकशी लागेल, तुला पोलीस नेतील."

"मला न्यायला त्यांना मालगाडी लागेल."

"पोरोता, मी बायकोशी खोटं बोललोय, पाद्र्याशी बोललोय. लाल कधी खोटा दाखवला नाही."

"मग जाऊ द्यायचा बिचारीचा नवरा?"

"अजून कुणाचा नवरा नाही तो," देल्मिरा म्हणाली. "आन्सेल्मो, गाडी जाईल कशी?"

"माणसाच्या चालीने. रुळांखालचे स्लीपर कुजलेत. पळवली तर हीसुद्धा झोपेल."

"आणि दार?"

"चालत्या गाडीचं गार्ड उघडू देत नाही. उभी असली तर उघडतो."

देल्मिरा घरी गेली आणि थर्मास व सासऱ्याची चांदीच्या काठाची भोपळी घेऊन आली.

माते हा कडू चहा कसा प्यायचा हे आमच्याकडे पोरांना चालण्याआधी कळतं. भोपळी म्हणजे वाळक्या भोपळ्याचा पेला; तिच्यात पत्ती, वर थर्मासचं गरम पाणी, एक नळी, आणि ओतणारा एकच. त्याने दिली की प्यायची, नळी सुरसुरली की त्याच्याच हातात परत. गुपचूप परत दिली तर तो पुन्हा भरणार. ‘आभार’ म्हटलं की ‘आता पुरे’ असा अर्थ. आणि भोपळी घेऊन चालू पडायचं नाही. बायको पळवणाऱ्याला या गावाने परत घेतलंय, भोपळी पळवणाऱ्याला नाही.

गाडी आली. खरंच चालत आली, एखाद्या जाड्या बाईने चिखलातून सँडल सांभाळत यावं तशी. देल्मिरा इंजिनाच्या बाजूने चालू लागली. खिडकीत ड्रायव्हर घामेजलेला होता.

"सकाळपासून काही प्यायलात का, बाळ?"

"कसलं, मावशी. थर्मास फुटला."

तिने भोपळी भरून वर धरली. त्याचा हात सवयीने खाली आला. नळी तोंडात गेली तशी देल्मिरा थांबली आणि बाकावर जाऊन बसली.

"मावशी, तुमची भोपळी."

"पिऊन झाली की द्या."

"अहो, पण मी चाललोय."

"जा की. मी कुठे अडवलंय?"

ड्रायव्हरने भोपळीकडे बघितलं, चांदीच्या काठाकडे बघितलं. त्याच्या मदतनिसाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला: "भाऊ, म्हातारीची भोपळी घेऊन जाणार? माझ्या आईला कळलं तर ती तुझ्याशी बोलणार नाही."

ब्रेक किंचाळले. गाडी उभी राहिली. वायरलेसवर कुणीतरी खेकसलं, का थांबलात.

"भोपळी परत करतोय."

पलीकडचा सूर उतरला, "कुणाची?"

"एका बाईंची."

"मग नीट हातात द्या."

तो उतरला, भोपळी तिच्या हातात दिली, आणि गडबडीत आभार मानायचं विसरला. तिने पुन्हा भरली. मदतनीस उतरला. गार्ड भांडायला आला आणि रांगेत लागला. दारं उघडली, प्रवासी खाली सांडले, पाववाल्याची परात रिकामी झाली, आणि वेटिंग रूममध्ये कोणीतरी संगीत लावल्यावर एक विमा एजंट पोरोताबरोबर नाचू लागला.

एवारिस्तो मात्र दारातच. एक पाय पायरीवर, पेटी आत.

"ही गाडी थांबायची नव्हती ना?" तो म्हणाला.

"नव्हती."

"म्हणजे हा इशारा."

"इशारा नाही. मी थांबवली."

त्याने भोपळीसाठी हात पुढे केला. देल्मिराने ती मागे घेतली.

"तुम्हाला नाही. भोपळी हातात अडकली म्हणून उतरलात, असं मला नकोय. उतरायचं तर पेटी घेऊन उतरा."

"आभार, मावशी," तिकडे ड्रायव्हर म्हणाला आणि इंजिनात चढला. भोंगा वाजला. लोक डब्यांकडे धावले, आणि त्या लोंढ्यात एवारिस्तो आत दिसेनासा झाला.

गाडी हलली. देल्मिराने एकेक खिडकी पाहिली. विमा एजंट हात हलवत होता. फलाट संपला.

मग शेवटच्या डब्यातून एक पेटी फलाटापलीकडच्या आन्सेल्मोच्या कांद्याच्या वाफ्यात पडली, आणि गार्डच्या शिव्यांसकट तिच्यामागून घड्याळजी.

तो गुडघे झाडत आला. कॉलरला माती होती.

"तिथे उतरायला पायरी नाही," तो म्हणाला.

"कांदे कुणाचे होते, ठाऊक आहे का?" आन्सेल्मो म्हणाला.

देल्मिराने पत्ती बदलली, थर्मास हलवून पाहिला, आणि त्याच्यासाठी ताजी भोपळी भरली.