पाचांतली उरलेली खुर्ची

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. दचकू नका आणि मान हलवू नका, कानाजवळ कात्री आहे. माझ्यावर बसून लोक बोलत राहिले आणि मी वर्षानुवर्षं ऐकत राहिले. आज दहा मिनिटं माझं ऐका.

माझा जन्म एका छोट्या वर्कशॉपमधला. पाया ओतीव लोखंडाचा, हात लाकडी, अंगावर तपकिरी रेक्झिन आणि पोटात तेलाचा पंप. पायाजवळची दांडी हळूहळू दाबत गेलं की मी वर चढते, पुरती दाबून धरली की सुस्कारा टाकत खाली येते. तिथून मला माझ्या मालकांनी आणलं. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, नुकतंच लग्न झालेलं. एक खोली, एक आरसा आणि एक खुर्ची, एवढाच संसार. गिऱ्हाईकं त्यांना दादा म्हणत, वयाने मोठी असलेलीसुद्धा.

चौदा वर्षं आमचं झकास चाललं. माणसांच्या कितीतरी गमती मी तेव्हा पाहिल्या. ज्याच्या डोक्यावर मोजून चाळीस केस, तोच सगळ्यात जास्त सूचना देतो. मागचा आरसा दाखवला की प्रत्येक जण न बघताच "छान" म्हणतो. आणि जो घरी कुणाला काही सांगत नाही, तो इथे डोळे मिटून सगळं सांगून मोकळा होतो.

मग मालकांच्या मनात मोठ्या दुकानाचं आलं. हमरस्त्यावरची जागा, चार नव्या चकचकीत खुर्च्या, तीन कारागीर. कर्ज काढायचं ठरलं. जामीन लागणार होता. त्यांची मोठी बहीण, ताई, रुग्णालयातून नर्स म्हणून निवृत्त झाली होती. आई गेल्यावर तिनेच धाकट्याला वाढवलं होतं. ती दुकानात आली, माझ्यावर बसली, कागद माझ्या हातावर ठेवून चष्मा लावला आणि विचारलं, "धाकट्या, झेपेल ना?"

"ताई, वर्षभरात बघ तू!"

तिने सही केली.

मला त्या नव्या दुकानाच्या मागच्या खोलीत टाकलं. अंगावर ओल्या टॉवेलांचा ढीग. पुढे त्या चौघी दिव्यांखाली मिरवत होत्या. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू! पण सहाच महिन्यांत दुकानासमोरचा रस्ता खणला आणि तो तब्बल दोन वर्षं तसाच राहिला. फळीवरून तोल सांभाळत दाढीला कोण येणार? मालकांनी कारागिरांच्या पगारासाठी एक क्रेडिट कार्ड वापरलं, ते भरायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. घरी मात्र कुणाला पत्ता लागू दिला नाही. मालकीणबाईंना कळलं ते वीज तोडायला माणूस आला तेव्हा.

"अहो, मला आधी सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्याच दिवशी त्या त्यांना कर्जदारांच्या सल्ला केंद्रात घेऊन गेल्या. तिथून वकील, तिथून न्यायालय. दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला.

एका सकाळी न्यायालयाने नेमलेला अधिकारी यादी करायला आला. बारीक अंगाचा, शर्टाची वरची गुंडीही लावलेला माणूस. त्या चार खुर्च्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, आरशांना चिकटवल्या, गल्ल्याच्या टेबलालाही. मग मागच्या खोलीत येऊन त्याने टॉवेल उचलले.

"ही?"

"जुनी आहे साहेब. माझी पहिली."

त्याने माझा हात हलवून पाहिला. "हिचं काही येणार नाही. आणि धंद्याचं एक साधन तुमच्याकडे राहू देता येतं. ठेवा."

चौघींना कुणीतरी विकत घेतलं. मला कुणी घेईना म्हणून मी वाचले! चालायचंच.

मालकांनी मला भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मांडलं. पहिले काही दिवस ते माझ्यावर स्वतःच बसून राहत आणि भिंतीकडे बघत. ताई फोन उचलत नव्हती. मालकांनी हात वर केल्यावर जामीन म्हणून कर्जाचा हप्ता तिच्या निवृत्तिवेतनातून कापला जाऊ लागला होता. त्यांना सगळ्यात जास्त ते टोचत होतं.

वकिलाने सांगितलं होतं की मुक्ततेचा आदेश यायला नऊ महिने लागतील. तो आला की उरलेल्या कर्जातून सुटका, पण तोवर थांबायचं.

"थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून नाही," मालकीणबाई म्हणाल्या. त्या लॉन्ड्रीच्या काउंटरवर काम करतात, त्यामुळे कुठल्याही गठ्ठ्याची त्यांना भीती वाटत नाही. त्यांनी मालकांचा पत-अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदी, मागवला, माझ्यावर ठाण मांडून बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. मालक झाडू मारत होते.

"हे काय? स्कूटरचं कर्ज थकलेलं दाखवलंय."

"ते तर कधीच फिटलं!"

"कागद आहे?"

कागद सापडला, कपाटात वर्तमानपत्राच्या खाली, पिवळा पडलेला. अहवाल देणाऱ्या संस्थेला पत्र गेलं, सोबत कागदाची प्रत. सहा आठवड्यांनी दुरुस्ती झाल्याचं उत्तर आलं. त्या दिवशी मालकांनी बऱ्याच काळानंतर काम करताना शीळ घातली. जे खरं बुडालं होतं ते तसंच लिहिलेलं राहणार होतं, पण न केलेलं पाप तरी अंगावर नको.

तेव्हापासून घराचं भाडं, वीज आणि फोन, तिन्हींचे पैसे मुदतीच्या दोन दिवस आधीच जाऊ लागले. घरमालकाकडून दरमहा पावती. एका डब्यात थोडी थोडी बचत, आणि त्या बचतीची माहितीही त्यांनी अधिकाऱ्याला देऊन ठेवली.

मध्येच एक गोडबोल्या माणूस दाढीला आला. तोंडाला फेस लावलेला असतानाच म्हणाला, "दादा, पंधरा दिवसांत तुमचा सगळा रेकॉर्ड कोरा करून देतो. फी तेवढी आधी."

मालकांनी वस्तरा गालावरून अलगद फिरवला. "खरी नोंदसुद्धा पुसता येते?"

"सगळं येतं हो!"

आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "मग त्यांना म्हणावं, आधी लिहून द्या."

लिहून त्याने काही दिलं नाही. दाढीचे पैसे मात्र त्याने मुकाट्याने दिले.

खरी कसोटी सहाव्या महिन्यात लागली. सलूनचं सामान विकणारा विक्रेता आला. खोलीत तीन गिऱ्हाईकं होती आणि माझ्यावर निवृत्त पोस्टमन काका, अर्धे केस कापलेले.

"दादा, ही खुर्ची आता भंगारात द्या. नवी देतो. सोपे हप्ते, कागदावर सही करा, आजच उतरवतो."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, त्यांना ती हवी होती. सही करून गप्प बसले असते तर त्या खोलीत कुणालाच काही कळलं नसतं. कात्री थांबली.

"हप्त्यावर नको," मालक म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. "माझं दिवाळं निघालंय. सुटकेचा आदेश अजून यायचाय. तोवर उधारी घ्यायची तर समोरच्याला आधी हे सांगावं लागतं. म्हणून सांगतोय. आणि सांगूनही मी घेणार नाही."

विक्रेत्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. बाकावरचे दोघे छताकडे बघू लागले. तेवढ्यात काका म्हणाले, "बरं, ते झालं. माझी डावी बाजू राहिलीय."

सगळे हसले. मालकही हसले, आणि कात्री पुन्हा चालू झाली. त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला बातमी कळली होती. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकं कमी होतील असं मला वाटलं होतं. उलट दोन जास्त आली.

आठव्या महिन्यात अधिकारी पाहणीला आला. काम संपल्यावर म्हणाला, "केस कापून द्याल? पैसे देईन, आणि पावती लागेल." तो माझ्यावर असा ताठ बसला की माझीच पाठ दुखली. मालकांनी संधी साधली.

"साहेब, आदेशानंतर सुरुवात कुठून करू?"

"लहान कार्डापासून. ठेव ठेवली की बँका देतात. दर महिन्याला एकच ठरलेली खरेदी, आणि बिल आलं की पूर्ण भरायचं."

"म्हणजे माझेच पैसे त्यांच्याकडे ठेवायचे, आणि माझेच पैसे उधार घ्यायचे?"

"अगदी तसंच." अधिकाऱ्याच्या ओठांचा कोपरा हलला. "वर्ष-दोन वर्षं असं केलंत की लोक तुमचा इतिहास वाचताना शेवटचं पानही वाचतात."

मालक जरा घुटमळले. "आणि बहिणीला आत्तापासून दरमहा थोडं दिलं तर?"

"आत्ता नाही. एका घेणेकऱ्याला पुढे काढून बाकीच्यांना मागे ठेवता येत नाही. आदेश झाल्यावर तुमच्या कमाईतून, तुमच्या खुशीने द्या. तेव्हा कायदा तुम्हाला विचारणार नाही."

हे सगळं मालकांनी जसंच्या तसं ताईला पत्रात लिहिलं. सबब नाही, रडगाणं नाही. उत्तर आलं नाही.

गेल्या मंगळवारी मात्र दुपारी दार वाजलं. ताई होती. केस पूर्ण पांढरे, हातात छत्री. कुणाशी न बोलता माझ्यावर येऊन बसली. मालकांनी कापड गुंडाळलं. त्याची गाठ त्यांनी दोनदा बांधली.

"मानेवरचे कमी कर," ती म्हणाली.

मालकांनी कात्री उचलली आणि मानेपासून सुरुवात केली.

"तुझं पत्र चार वेळा वाचलं. कायद्याने तू सुटणार ना?"

"कायद्याने सुटेन, ताई. तुझ्यापासून नाही."

"कधीपासून देणार?"

"आदेश हातात आला की पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपासून. रक्कम लहान असेल."

तिने आरशात त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "लहान चालेल. तारीख चुकली तर मात्र मी इथे येऊन बसेन, आणि उठणार नाही."

"नाही चुकणार."

"मग कानावरचे नीट काप. एक बाजू लांब दिसतेय."

आदेशाला आता अठरा दिवस उरलेत. माझं रेक्झिन डाव्या बाजूला फाटलंय, पंप मधूनच कुरकुरतो. डब्यातली रक्कम कार्डाच्या ठेवीसाठी आहे, माझ्या नव्या कपड्यांसाठी नाही, आणि ते मला मान्य आहे. माझी पाळी नंतर येईल.

तुम्हाला एकच विनंती. ओळखीच्या कुणाचं दिवाळं निघालं तर त्याला टाळू नका. त्याच्याकडे काम घेऊन जा आणि पैसे चोख द्या. बरं, झाले तुमचे केस. मालक मागचा आरसा धरून उभे आहेत. या वेळी नीट बघा, आणि मगच छान म्हणा.