प्रयागबाईचं मत

वाशीमच्या स्टेशनजवळ प्रयागबाईची फुटाण्यांची भट्टी होती. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली, आणि चांगली चालवली. शिल्लक पडेल ते ती गावातल्या बँकेत ठेवायची. पंचेचाळीस साली त्या बँकेला कुलूप लागलं. संचालकांनी ठेवीदारांचा पैसा स्वतःच्याच कापसाच्या जिनिंग कारखान्यात घातला होता. रुपयामागे सहा आणे हाती आले. प्रयागबाईनं चण्याची पोती उधारीवर उचलली आणि भट्टी थंड होऊ दिली नाही.

पुढच्या साली बातमी आली, की दिल्लीत बँकांसाठी कायदा होऊ घातला आहे आणि सरकारनं लोकांची मतं मागवली आहेत. नानाजी वकिलांनी व्यापाऱ्यांची सभा बोलावली. बँकेतला जुना कारकून रामकिसन आता भट्टीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देई. त्यानं वर्तमानपत्रातून मसुदा वाचून दाखवला. बँकेला परवाना लागणार, तिची तपासणी होणार, संचालकाला आपल्याच बँकेतून तारणाशिवाय कर्ज मिळणार नाही.

"मी येते सभेले," प्रयागबाई म्हणाली.

"तुमाले बोलावलं नाई, बाई."

"माहे पैसे बुडवले तवा तरी कोणी इचारलं होतं मले?"

सभेत सरकीचे मोठे व्यापारी जगदेव आधी बोलले. सरकारी माणूस बँकेत शिरला, की लोकांचा भरवसा उडेल. कायदा नको असंच कळवावं. माना हलल्या. नानाजींनी टाक दौतीत बुडवला.

मागून प्रयागबाई उठली. "वकीलसाहेब, लिवाच्या आधी आयका. सरकारी माणूस दरसाल माहा तराजू तपासते, मापावर शिक्का मारते. म्हणून माहं गिऱ्हाईक पळालं काय? शिक्का पाहूनच येते ते. दोन पैशाच्या फुटाण्याले शिक्का लागते, आन आमच्या जन्माच्या कमाईले काहून नाई?"

"बाई, बँक म्हणजे फुटाण्याची भट्टी नोहे," जगदेव म्हणाले.

"नोहे. भट्टीत जळालं तं माहं एकटीचं जळते. बँकेत जळालं तं साऱ्या गावाचं."

कुणी हसलं नाही. नानाजींनी टाक खाली ठेवला. सभेचा ठराव बहुमतानं जाईल, पण कोणालाही आपलं मत वेगळं पाठवता येतं, असं त्यांनी सांगितलं.

प्रयागबाईला तेवढं पुरे होतं. रामकिसननं कागद लिहिला. त्यात तिनं आपलं एक वाक्य घालायला लावलं: बँक बुडाली, तर आधी लहान ठेवीदाराचे पैसे द्यावे. आठवडी बाजारात ती शाईची गादी घेऊन बसली. शिंपी आले, बांगड्या विकणारी सोजरबाई आली, आसेगावाहून दहाबारा कास्तकार आले. एकशेबारा अंगठे झाले. मतं पाठवायच्या शेवटच्या दिवशी नानाजींनी स्वतः येऊन खाली सही केली. त्या बुडालेल्या बँकेत त्यांचीही ठेव होती, हे तेव्हा लोकांना कळलं.

कागद पोचल्याची चिठ्ठी दिल्लीहून आली. कायदा व्हायला मात्र तीन वर्षं लागली. तोवर एका भट्टीच्या तीन भट्ट्या झाल्या होत्या. रामकिसननं बातमी मोठ्यानं वाचली. परवाना होता, तपासणी होती, संचालकाच्या बिनतारण कर्जाला बंदी होती. लहान ठेवीदाराचं कलम नव्हतं.

प्रयागबाईनं चाळणी झटकली. "चार गोष्टीतल्या तीन झाल्या," ती म्हणाली. "आता बसा, रामकिसनभाऊ. चवथीसाठी लिवू."

रामकिसननं कोरा कागद काढला.