निळे न पडणारे ओठ

अटलांटाजवळच्या मेकन गावातल्या नर्सिंग कॉलेजात लॉरेन हॅचरबाईंचा मोठा दरारा होता. श्वास पुरेनासा झाला की रुग्णाचे ओठ निळे पडतात, हा धडा त्यांनी कित्येक पिढ्यांकडून घोटून घेतला होता. सरावाचा पुतळा गुलाबी, पुस्तकातली चित्रं गुलाबी, आणि गावातले निम्म्याहून अधिक रुग्ण कृष्णवर्णीय! गोऱ्या लॉरेनबाईंना यात काही खटकलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्या विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात आल्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्हर्लीन बॅटल यांनी नाश्त्याच्या ग्रिट्सला, मक्याच्या लापशीला, हातही लावला नव्हता. त्यांची मुलगी ओनिटा उशाशी उभी होती.

"मिस हॅचर, मम्माच्या तोंडावर राख फासल्यासारखं झालंय. हा तिचा रंग नाही."

"जनेल, ओठ बघ," लॉरेनबाईंनी एका विद्यार्थिनीला सांगितलं.

"निळे नाहीत, मॅडम," जनेल म्हणाली. तीही व्हर्लीनबाईंसारखीच कृष्णवर्णीय होती. "बोटावरचं यंत्र प्राणवायू चौऱ्याण्णव टक्के दाखवतंय."

"मग झालं तर. थकवा असणारच. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

"जन्मापासून तिचं तोंड बघतेय मी," ओनिटा म्हणाली. "तुम्ही आत्ता बघताय."

लॉरेनबाई पुढच्या खाटेकडे वळल्या. दुपारी व्हर्लीनबाईंची शुद्ध हरपली. रक्त तपासल्यावर उलगडा झाला: प्राणवायू कधीचाच घसरला होता आणि काळ्या कातडीवर यंत्र आकडा फुगवून सांगत होतं.

संध्याकाळी प्राचार्य वूल्सींनी लॉरेनबाई आणि जनेल दोघींना बोलावलं.

"मुलीनं लक्षण ओळखलं नाही. कॉलेजातून तिचं नाव काढून टाकू. लॉरेन, तू फक्त हो म्हण, प्रकरण मिटेल."

जनेल लॉरेनबाईंकडे वळली. "मी निळा रंग शोधत होते, मॅडम. माझे स्वतःचे ओठ तसे निळे दिसायचे नाहीत, हेसुद्धा माझ्या मनात आलं नाही. एवढा विश्वास होता तुमच्या शिकवण्यावर."

नुसतं हो म्हटलं की लॉरेनबाईंची सुटका होती. बळी जायला दुसरीची पोर तयारच होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती शिकवल्याबरहुकूम वागली. चुकलं ते माझं शिकवणं. काढायचं तर मला काढा."

"बाहेर बोंबाबोंब होईल."

"होऊ दे."

तिथून त्या थेट अतिदक्षता विभागात गेल्या. ओनिटा बाहेर बसली होती.

"माफी मागायला आलेय. आणि सकाळी तुम्हाला काय दिसलं, ते शिकायलाही."

"माझी आई आत मरणाशी झुंजतेय आणि तुम्हाला धडा हवाय?" ओनिटानं मान वर केली नाही. "मी सांगितलं होतं तेव्हा ऐकलं नाहीत. आता तुमचं तुम्ही शिका."

शुक्रवारी व्हर्लीनबाई गेल्या.

सोमवारी लॉरेनबाईंनी आपला तास अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरीणबाईंच्या हाती दिला. डॉक्टरीणबाई जीभ, हिरड्या आणि पापणीची आतली बाजू कशी बघायची ते दाखवू लागल्या. जनेलच्या शेजारची जागा रिकामी होती. लॉरेनबाई तिथे थबकल्या. जनेलनं त्या जागेवर आपली पिशवी ठेवली. बाई मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि ऐकू लागल्या.