फक्त कुटुंबासाठी

माझं तोंड वाईट हाय. आमच्या पाड्यावर कुणालाही विचारा, रंगूच्या नादी लागू नको म्हणूनच सांगतील. पण त्या दिवशी जव्हारात मी कुणाकुणाच्या पाया पडले, ते माझं मला ठाऊक.

माझ्या धाकट्या बहिणीला, रोशनीला, आठवा सरत आला व्हता. आधीची दोन्ही पोरं दवाखान्याच्या वाटेतच गेली. एक नदीच्या काठाला, झोळीत. दुसरं मोखाड्याच्या पुढं, जीपमध्ये. या खेपेला डॉक्टरीणबाईनं सरळच सांगितलं, "गावाकडं राहू नका. कळ आली की चालत पोचाल एवढ्या जवळ खोली घ्या. नाहीतर मूलही जाईल आणि आईही." रोशनीनं ते ऐकलं आणि माझा पदर मुठीत धरला, तो बाहेर आल्यावर पण सोडला नाय.

खोली घ्या म्हणे! खोल्या काय झाडाला लागल्यात? श्रावणात जव्हारात धबधबे बघायला गाड्यांवर गाड्या येतात. बाजारामागच्या ज्या गल्लीत पूर्वी कुत्रं फिरकत नव्हतं, तिथली संस्थानच्या काळातली घरं आता लोकांनी घासूनपुसून नवी केलीत. सागवानी खांबांना तेल, खिडक्यांना रंगीत काचा, एका घरात कॉफीचं दुकान. शहरातल्या पोरी दाराला टेकून फोटो काढत व्हत्या. मला असा संताप आला! यांना टेकायला दार मिळतंय, आणि माझ्या बहिणीला पाठ टेकायला जागा नाय.

एक मालक तयार झाला व्हता. दारावर पाटी, 'खोली भाड्याने, फक्त कुटुंबासाठी'. आमच्यासंगं चंदू व्हता, रोशनीचा माणूस. मालकानं त्याला विचारलं, "लग्न झालंय ना तुमचं?"

"नाय जी," चंदू म्हणाला, "लागायचं हाय अजून."

आमच्यात हे असंच. दोघं एकत्र नांदतात, पोरंबाळं होतात, हातात चार पैसे आले की मग लग्न लागतं. बापाचं आणि लेकाचं लग्न एकाच मांडवात लागलेलं मी पाहिलंय. त्यात लाजायचं काय? भात लावायचा हाय असं सांगावं, तसं चंदूनं सांगून टाकलं. मालकानं रोशनीच्या पोटाकडं पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडं असलं चालत नाही."

"असलं म्हंजे कसलं?" मी ओरडले. तोवर दार लागलं व्हतं.

चंदू माझ्याकडं बघून म्हणाला, "खोटं बोलायला पायजे व्हतं का?"

"आता सुचतंय!"

मग एक एक दार करत गेलो. कुठं पर्यटक, कुठं नकार. रोशनीचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्या बायडीला दया आली. समोरच्या घराकडं हात करून म्हणाली, "त्या पुष्पलताबाईची मागची खोली रिकामी हाय. बाई मनानं चांगली, पण कडक. जोडपं असलं तर लग्नाचा फोटो मागते. विधवेला मात्र नाय म्हणत नाय. तिचा पण माणूस तरणाच गेला ना."

चंदूच बोलला, "मी मेलो म्हणून सांगा."

रोशनीनं त्याच्या तोंडावर हात दाबला. "शुभ बोल रे! दोन पोरं गेली, आता माझ्याच तोंडानं तुला पण घालवू?"

"मी जित्ता उभा हाय ना तुझ्यापुढं? बोलल्यानं कोण मरतंय?"

"मला भ्या वाटतंय, चंदू."

मला काय कमी वाटत व्हतं? पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. "तू काय बोलू नको," मी तिला म्हटलं, "मी बोलते." चंदूनं आपल्या अंगठ्यानं तिच्या कपाळाची टिकली काढली.

पुष्पलताबाईनं दार उघडलं, रोशनीला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "कशानं गेले हिचे यजमान?"

हे काय आमी ठरवलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "भिवंडीला बिल्डिंगच्या कामावर व्हता. परांचीवरनं पडला. मला... आमाला दुसऱ्या दिवशी कळलं." तो माझा अनंता. माझाच मेलेला नवरा मी बहिणीला देऊन टाकला, आणि त्याच्यासाठी इतक्या वर्षांनी तिथं हमसून हमसून रडले. बाईचे पण डोळे भरले. खोटं असतं तर तिनं ओळखलं असतं.

"आणि हा?"

"भाऊ आमचा."

खोली मिळाली. लादी इतकी गुळगुळीत की रोशनी भिंत धरून चालायची. भावानं रात्री थांबायचं नाय, एवढी एकच अट. चंदू एसटी स्टँडवर झोपायचा, दिवसा येऊन पाणी भरायचा आणि दाराशी बसायचा.

कळा आल्या त्या दिवशी धो धो पाऊस. नदीला पूर, आमच्या गावाची वाट बंद. गावाकडं असतो तर... नको ते. आमी तिला धरून चालत दवाखान्यात नेलं. पुष्पलताबाई डोक्यावर छत्री धरून संगं आली आणि शेवटपर्यंत हलली नाय. पोरगी झाली. जन्मली तीच किंचाळत. मी देवाला हात जोडले. बाईनं पोरीला छातीशी घेतलं, आणि चंदू लांब खांबापाशी उभा राहिला. बाई हलेच ना, तर तो जवळ येणार कसा?

खोलीवर आलो तशी बाई अंगडं-टोपडं घेऊन आली. चंदू दाराशीच व्हता. "अरे मामा, असा काय लांब? भाचीला घे की." तिनं पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली.

चंदूनं पहिल्यांदा लेकीला हात लावला.

"बापावर गेलीय का रे?" बाईनं विचारलं.

तो पोरीकडं बघतच राहिला. "व्हय," म्हणाला, "नाक त्याचंच हाय."

"कसा होता माणूस?"

"बरा व्हता. हिला लई जपायचा."

रोशनीनं भिंतीकडं तोंड केलं आणि हुंदका फुटला तिला. बाई तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. "रडू दे तिला. मन मोकळं होतं." मग चंदूला म्हणाली, "तुम्ही जायची घाई करू नका. भाडंही नको मला. या पोरीला बाप नाही, निदान डोक्यावर छप्पर तरी असू दे. हवे तेवढे दिवस राहा."

चंदूनं पोरगी बाईच्या हातात परत दिली आणि हात जोडले.

"उपकार झाले, बाई," तो म्हणाला.